माणसांची भिंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी नवी मुंबईतल्या उलव्यात राहतो. सात मजली इमारत, दोन विंग, छप्पन्न बिऱ्हाडं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे खालून मुलांच्या सायकली चोरीला जाऊ लागल्या. वार्षिक सभेत कॅमेरे बसवण्याचा ठराव आला. मी तेव्हा कमिटीवर होतो. ठरावाला अनुमोदन माझं आहे, सभेच्या वहीत ते माझ्या सहीनिशी नोंदलेलं आहे. फाटकावर एक, लिफ्टमध्ये एक आणि गच्चीच्या दाराशी, जिन्याच्या शेवटच्या वळणावर एक. सायकली जायच्या थांबल्या, हे कबूल केलं पाहिजे.

सहा-सात महिन्यांनी, २०१९ मध्ये, एका रविवारी सेक्रेटरींनी कमिटीला बोलावलं. खजिनदारांनी मोबाइल पुढे केला. गच्चीच्या पायऱ्यांवर एक मुलगा आणि एक मुलगी बसलेली. मुलीने मुलाच्या खांद्यावर डोकं टेकवलेलं. अडीच मिनिटांच्या त्या क्लिपमध्ये एवढंच होतं. आवाज नव्हता. मध्येच मुलगी काहीतरी सांगते आणि मुलगा हसतो. "सर, तुमच्या ओळखीचे आहेत का हे?" असं मला विचारण्यात आलं. सगळ्यांमध्ये मलाच का विचारलं, ते मला कळलं. आणि मला ते कळलंय, हे विचारणाऱ्यांनाही कळलं. मुलगी आमच्याच विंगमधली, मुलगा शेजारच्या इमारतीतला. मी दोघांनाही ओळखत होतो. दोघांचे धर्म वेगळे. कोण कुठल्या धर्माचं, ते मी सांगणार नाही. तुम्ही ऐकता ऐकता मनात ठरवून टाकलंही असेल.

मी "नाही ओळखत" म्हणालो. त्याचा काही उपयोग नव्हता. तोवर ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर गेली होती. त्या रात्री मुलीच्या घरातून मोठमोठ्याने बोलण्याचे आवाज आले. दुसऱ्या दिवसापासून ती भावाबरोबर कॉलेजला जाऊ लागली.

'कादंबऱ्यांतली दुःस्वप्नं आणि पाळतीखालचं प्रेम' या विषयावर बोलाल का, अशी विचारणा आकाशवाणीकडून झाली, तेव्हा पहिल्यांदा मला ही क्लिप आठवली, पुस्तकं नंतर.

पुस्तकांकडे येतो. युटोपियाला आपण आदर्शनगरी म्हणतो, रामराज्य म्हणतो. त्याच्या उलट जे, त्या डिस्टोपियाला मराठीत रुळलेला शब्द नाही. मी त्याला दुःस्वप्ननगरी म्हणतो. या प्रकारातली जगभर वाचली गेलेली कादंबरी म्हणजे जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर'. ऑर्वेलचा जन्म १९०३ सालचा, आपल्याकडचाच, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. कादंबरी आली १९४९ साली. मी ती बी.ए.ला असताना शेजारी शब्दकोश ठेवून वाचली. विन्स्टन नावाचा एक कारकून आहे. त्याच्या भिंतीवर एक पडदा आहे, तो पडदा त्याला दाखवतोही आणि त्याच्याकडे बघतोही. जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. सरकारचं आजचं म्हणणं आणि कालचं म्हणणं जुळत नसेल, तर कालचं बदलायचं आणि मूळ कागद जाळायचा. हा माणूस ज्युलिया नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. जुन्या वस्तूंच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेऊन दोघं तिथे भेटतात. त्या खोलीतल्या तसबिरीमागेही तो पडदा असतोच.

त्याच्याही आधी, १९२० च्या सुमारास, झामातिन नावाच्या रशियन लेखकाने 'वुई' लिहिली. त्याच्या मायदेशात ती पूर्णपणे छापली जायला १९८८ साल उजाडलं. त्या शहरातली घरंच काचेची आहेत. माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. दोघांना एकत्र यायचं तर गुलाबी रंगाचं तिकीट घ्यायचं, ते दाखवलं की ठरलेल्या वेळापुरता खोलीचा पडदा ओढायची परवानगी मिळते. ऑर्वेलने ही कादंबरी वाचली होती, १९४६ साली तिच्यावर लिहिलंही होतं.

कॉलेजात मला एक प्रश्न पडायचा. ज्यांच्या हातात सैन्य आहे, तुरुंग आहेत, ते दोन सामान्य माणसांच्या प्रेमामागे एवढे का लागतात? आता वाटतं, ते प्रेमाच्या मागे नसतात, आठवणीच्या मागे असतात. एखादी दुपार दोघांनी बरोबर घालवली, तर तिचे साक्षीदार दोघंच. वर्तमानपत्र बदलता येतं, शाळेतलं पुस्तक बदलता येतं, पण ती दुपार कुठल्या दप्तरात नसतेच, मग बदलणार काय? म्हणून त्या दोघांना एकमेकांविरुद्ध फोडावं लागतं. कादंबरीच्या शेवटी तेच होतं. दोघं जिवंत राहतात, पुन्हा एकदा भेटतातही, आपण दुसऱ्याला कसं तोडून दिलं ते एकमेकांना सांगतात आणि निघून जातात. मृत्यूपेक्षा ते वाईट वाटतं. माझी एक तक्रार मात्र आहे. ऑर्वेलने सगळा विचार विन्स्टनला दिला. तो मोठ्याने पुस्तक वाचून दाखवतो तेव्हा ज्युलियाला झोप लागते. बायकांना पाळतीचा अनुभव पुरुषांपेक्षा कितीतरी जुना आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

त्याच कादंबरीतल्या 'बिग ब्रदर'चं नाव घेऊन पुढे टीव्हीवर खेळ निघाला, आणि २०१८ पासून तो 'बिग बॉस' या नावाने मराठीतही आला. घरात सगळीकडे कॅमेरे आणि कुणाचं कुणाशी जमतंय हे आपण जेवताना बघतोय. ऑर्वेलला हे सुचलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. झामातिनची भिंत काचेची होती, ऑर्वेलची यंत्राची. आपल्याकडची भिंत माणसांची आहे.

हे माझं म्हणणं नाही, मराठी रंगभूमीने ते डोळ्यांसमोर उभं केलेलं आहे. १९७२ साली डॉ. जब्बार पटेल यांनी विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' बसवलं. रंगमंचावर नेपथ्याची भिंत नव्हती, ओळीने उभी राहिलेली माणसं होती. ती नाचत, गात, आणि पाठ फिरवली की भिंत होत. भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो, इथे भिंतीला नाक-डोळे-तोंड सगळंच होतं. नाटकातला घाशीराम प्रत्येक गोष्टीला परवाना लावतो. मध्यरात्री दारं ठोठावतो आणि आत झोपलेले नवराबायको खरोखर नवराबायकोच आहेत का, याची चौकशी करतो. आपलं नाटक इतिहास नव्हे, असं तेंडुलकरांनी स्पष्ट म्हटलं होतं, आणि ते बरोबरच आहे. पण इतिहासातला घाशीराम सावळदासही होताच. तो १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ साली लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. पेशव्यांच्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर हिंडायची बंदी होती. जुन्या दप्तरांत 'बदअमल' असा एक शब्द येतो. लग्नाबाहेरच्या संबंधाला तो शब्द वापरत, त्याबद्दल दंड घेत आणि तो दंड सरकारजमा होई. म्हणजे शेजाऱ्याच्या चहाडीवर सरकारचं उत्पन्न चालत होतं! झामातिनच्या गुलाबी तिकिटाच्या सव्वाशे वर्षं आधीची ही गोष्ट.

त्याच तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ सालचं. नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि बघता बघता मिस बेणारेचं खाजगी आयुष्य उघडं पडतं. त्यात सामंत नावाचा एक साधाभोळा माणूस आहे. त्याला साक्षीदार करतात. प्रोफेसर दामल्यांच्या खोलीबाहेर आपण काय ऐकलं, ते तो सांगतो. खरं तर त्याने काहीच ऐकलेलं नाही, तो हातातल्या कादंबरीत बघून रचून सांगतोय. पण ते रचलेलं बेणारेला बरोबर लागतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या क्लिपखाली जे लिहिलं गेलं, ते वाचताना मला हा सामंत आठवत होता. अडीच मिनिटांत जे नव्हतं, ते सगळं लोकांनी लिहिलं होतं.

आणि मी स्वतः? वयाच्या अकराव्या वर्षी मीही त्या भिंतीतली एक वीट होतो.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यात. कोकणी मुसलमानांच्या गावातून तेव्हा घराघरातला एक तरी पुरुष कुवेतला, दुबईला, नाहीतर जहाजावर. १९८१-८२ ची गोष्ट सांगतोय. गावात फोन नव्हता. महिन्या-दोन महिन्यांनी पत्र यायचं. उर्दू पत्रं मौलवीसाहेबांकडे जायची. मराठी शाळेत चौथी झालेल्यांची पत्रं मराठीत असायची, ती वाचायला मला बोलवायचे. ओटीवर दादी, चाची, नणंदा, शेजारणी सगळ्या बसायच्या. मी मध्ये बसून मोठ्याने वाचायचो. जिच्यासाठी पत्र आलंय ती आत, दाराच्या आड. उत्तरही मीच लिहायचो. सासू सांगायची, दीर सांगायचा, आणि शेवटी उरलेल्या दोन ओळींत ती सांगायची.

एका चाचीने एकदा सांगितलं, "लिही, विहिरीचं पाणी या वर्षी गोड लागत नाही." मी लिहिलं. पुढच्या पत्रात चाचांनी सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर विचारलं होतं, विहिरीचं पाणी आता कसं आहे? मी दादीला म्हटलं, चाचांना विहिरीचीच काळजी फार. दादी हसली नाही, आणि पाणी बदललंय असंही म्हणाली नाही. पुढे कॅसेटी आल्या. आखातातून टेपरेकॉर्डर यायचा आणि येणाऱ्या माणसाबरोबर आवाज भरलेली कॅसेट. मग तर सगळं घर, अर्धी आळी ती ऐकायला बसायची. त्या कॅसेटीतही एका बाजूच्या शेवटी चाचांनी विचारलेलं मला आठवतं, पाणी कसं आहे? ती विहीर आजही आहे, पाणी चांगलं आहे. मला त्या वाक्याचा अर्थ लागायला आणखी दहा-बारा वर्षं जावी लागली, तोवर माझंही लग्न ठरलं होतं.

म्हणजे पाळत असली की भाषा बदलते. आपल्याकडे नेत्रपल्लवी, करपल्लवी असे सुंदर शब्द आहेत, डोळ्यांनी बोलायचं, बोटांनी बोलायचं. असे शब्द उगाच तयार होत नाहीत. गझलेतही प्रेमिक कधी दोघंच नसतात. रकीब असतो, उपदेश करणारा नासेह असतो, दारावर दरबान असतो. मी मराठीत गझल लिहायला लागलो तेव्हा या मंडळींचं काय करायचं, असा प्रश्न पडला होता. पडायला नको होता, ती सगळी आमच्या ओटीवर बसलेलीच होती.

पत्राला तिसरा वाचक असला की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं एक मोठं उदाहरण आहे, आणि ते कादंबरीतलं नाही. आमच्या कोकणात मधू दंडवते हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. १९७१ पासून पुढे बरीच वर्षं ते राजापूरचे खासदार. रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी गादी आणली, हे लोक अजून सांगतात. २६ जून १९७५ ला आणीबाणीच्या पहिल्याच दिवशी ते बंगळूरमध्ये पकडले गेले. संसदीय समितीच्या बैठकीसाठी तिथे गेले होते, वाजपेयी आणि अडवाणीही त्याच वेळी पकडले गेले. नंतर इकडे प्रमिलाताईंनाही अटक झाली. ते बंगळूरच्या तुरुंगात, त्या पुण्यात येरवड्याला. दीड वर्ष. गुन्हा नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. या काळात दोघांनी एकमेकांना सुमारे दोनशे पत्रं लिहिली.

तुरुंगातलं पत्र अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातं. येतानाही आणि जातानाही. म्हणजे या दोनशे पत्रांना दोन तुरुंगांतले वाचक होते. तरी ती लिहिली गेली. त्यांत पुस्तकं आहेत, संगीत आहे, स्वातंत्र्य या कल्पनेवरची चर्चा आहे. मी जेव्हा त्यांच्याविषयी वाचलं, तेव्हा माझ्यासमोर एक कंटाळलेला तुरुंग-कारकून उभा राहिला, हातात पेन्सिल घेऊन. त्याला कट शोधायचाय, आणि समोर एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक बायकोशी पुस्तकांविषयी बोलतोय. यात खोडायचं काय? आमची चाची विहिरीत लपली. या दोघांनी लपायचं नाकारलं. उघड्यावर बोलता येईल तेवढंच बोलायचं, पण ते भरभरून. कोणती वाट मोठी, हे मी ठरवणार नाही. चाचीला दुसरी वाट नव्हती. एवढं मात्र म्हणेन की त्या पत्रांत जे नाही ते कायमचं गेलं. पन्नाशीतला एक माणूस रात्री बराकीत काय आठवून जागा राहिला, हे त्याने त्या कारकुनासमोर लिहिलं नसणार. प्रमिलाताई आणि मधू दंडवते दोघंही आता नाहीत. पाळतीमुळे नेमकं काय लिहायचं राहिलं, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

आणीबाणी १९७७ साली उठली. माणसांची भिंत काही उठली नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ आणि आक्सा इथल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसेक जोडप्यांना ठाण्यावर नेलं. सज्ञान माणसं, बंद खोलीत. कलम लावलं सार्वजनिक जागी असभ्य वर्तनाचं! काहींना आईवडिलांना फोन लावायला सांगितलं. पुढे त्याची चौकशी झाली. २०२१ साली बोरिवलीतल्या एका सोसायटीने समोरच्या रस्त्यावर रंगाने लिहून टाकलं, 'नो किसिंग झोन'. टाळेबंदीत घराबाहेर जागा न उरलेली मुलंमुली तिथे येऊन थांबत होती, हे कुणी फारसं लक्षात घेतलं नाही. मधल्या काळात, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं होतं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो दिल्लीहून निघाला, बोरिवलीला अजून पोचायचाय.

आता आमच्या त्या दोघांकडे येतो. टाळेबंदीत मुलगा समोरच्या बाल्कनीत उभा राहून झाडांना पाणी घालायचा. त्याच्या बाल्कनीत झाडं दोन होती आणि पाणी घालायला अर्धा तास लागायचा. मी बघत होतो. म्हणजे मीही बघतच होतो.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दोघं माझ्याकडे आली. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं, तीन साक्षीदार लागतात, दोन मिळालेत, तिसरे तुम्ही व्हाल का काका? मी हो म्हणालो. बायकोने आतून चहा आणून ठेवला आणि जरा वेळ उभी राहिली, म्हणजे तिचंही हो होतं.

हा कायदा १९५४ चा. धर्म न बदलता दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांना लग्न करता यावं म्हणून केलेला, चांगल्या हेतूचा कायदा. पण त्यात एक अट आहे. आधी नोटीस द्यायची, ती नोटीस वहीत लावायची, ती वही कुणीही फुकट बघू शकतो. शिवाय कार्यालयात ठळक जागी डकवायची आणि तीस दिवस थांबायचं. या तीस दिवसांत कुणीही आक्षेप घेऊ शकतो. नात्यातल्या स्थळाशी निकाह लावायला किंवा हिंदू पद्धतीने लग्न करायला अशी आगाऊ जाहिरात करावी लागत नाही. ज्यांना आडोशाची सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच नावं-पत्ते भिंतीवर. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत म्हटलं की जोडप्याची इच्छा नसेल तर ही नोटीस जाहीर करू नये. पण कायद्यातले शब्द आहेत तसेच राहिले.

त्या तीस दिवसांत दोन गोष्टी घडल्या. दहाव्या-अकराव्या दिवशी कुणीतरी त्या नोटिशीचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो मुलीच्या काकांपर्यंत पोचला. आणि १३ डिसेंबरला राज्य सरकारचा एक निर्णय आला. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती गोळा करण्यासाठी समिती. दोन दिवसांत त्यातून 'आंतरजातीय' शब्द काढण्यात आला, उरले ते आंतरधर्मीय. त्या आधीच्या महिन्यात दिल्लीत वसईच्या एका मुलीच्या निर्घृण हत्येची बातमी आलेली होती. आईबापांच्या पोटात गोळा उठला होता, तो खोटा नव्हता. मलाही मुलगी आहे. घरापासून तुटलेली मुलगी एकटी पडते, तिला विचारणारं कुणी हवं, हे मला मान्य आहे. पण ती तुटते कशामुळे? हे विचारायला मात्र समिती लागत नाही. क्लिपखालचे शेरे वाचले तरी पुरे.

काकांनी आक्षेप घेतला. आक्षेपाची कारणं कायद्यातच ठरवून दिलेली आहेत: वय, आधीचं लग्न, मनाची अवस्था आणि निषिद्ध नातं. धर्म त्यांत नाही. आक्षेप टिकला नाही. दोघं त्या दिवसांत कुठे राहिली, ते मला माहीत होतं आणि मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. जानेवारीत लग्न झालं. मी सही केली. सोसायटीच्या ठरावाखाली केली होती तशीच, त्याच पेनने की दुसऱ्या, आठवत नाही.

आठवणीवरून सांगतो. बामणडोंगरी स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी एक गृहस्थ भेटतात. मूळ उलवे गावचे. आम्ही राहतो त्या नोडला ज्या गावाचं नाव दिलंय, ते गाव विमानतळासाठी उठलं. दहा गावांच्या वस्त्या हलल्या, उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट केली, नदी वळवली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरमध्ये विमानं उडू लागली. गृहस्थांची तक्रार विमानतळाबद्दल नाही, त्यांचा नातू तिथे नोकरीची वाट बघतोय. ते एकदा म्हणाले, "बायकोला पहिल्यांदा बघितली ती जागा आता धावपट्टीच्या कुठल्या टोकाला आली असेल, ते काय समजत नाही." त्यांची बायको हयात नाही. सातबारा आहे, नुकसानभरपाईचे कागद आहेत, पुनर्वसनाचा भूखंड आहे. ती जागा मात्र आता त्यांच्या एकट्याच्याच बोलण्यात उरलीय. इथे कुणी बिग ब्रदर नाही, कुणी मुद्दाम पुसलेलं नाही. तरी ते बोलायला लागले की मी घाई असली तरी थांबतो.

गेल्या वर्षी ती मुलगी आणि मुलगा आमच्याकडे जेवायला आली होती. आता दोघं पनवेलला राहतात. तिच्या घरचं येणं-जाणं थोडं सुरू झालंय, आधी आई येते, वडील खाली रिक्षात बसून राहतात. जेवण झाल्यावर तिने विचारलं, "काका, ती क्लिप आहे का हो तुमच्याकडे?"

मी म्हणालो, नाही, मी त्याच रात्री काढून टाकली. मला वाटलं, अजून कुणाच्या मोबाइलमध्ये उरलीय का, याची ती खात्री करून घेतेय. तर म्हणाली, "तसं नाही. आमचा त्या वेळचा एकही फोटो नाहीये. भीतीने कधी काढलाच नाही. तेवढंच काय ते."

मी मुलाला विचारलं, तेव्हा ती असं काय म्हणाली होती की तू हसलास? त्याने तिच्याकडे बघितलं. दोघांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे गेलो. ते जरा ओशाळले, मग त्यांनीही शोधलं. त्यांचा मोबाइल मधल्या काळात बदलला होता. खजिनदार फ्लॅट विकून गेले आहेत. गच्चीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं, त्यानंतर त्याच्यावरच नवीन चढतं.